वर्सोव्याच्या वाळूखालचे इंटरनेट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सौदी अरेबियातील जेद्दाजवळ, तांबड्या समुद्राच्या तळाशी सी-मी-वी-४ आणि आय-मी-वी या इंटरनेटची माहिती वाहून नेणाऱ्या दोन केबली तुटल्या आणि भारतापासून आखाती देशांपर्यंत अनेकांचे इंटरनेट मंदावले. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीला आपली अझूर ही क्लाउड सेवा त्या भागात संथ झाल्याचे जाहीर करावे लागले. ही बातमी आपल्याकडच्या बहुतेक वृत्तपत्रांत आली, पण आतल्या पानावर आणि दोन परिच्छेदांत. त्या दिवसांत माझ्या ओळखीतल्या सुशिक्षित माणसांनीही इमारतीवरच्या टॉवरला, पावसाला किंवा मोबाइल कंपनीला दोष दिला. ज्या दोन केबली तुटल्या त्या दोन्ही मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, हे मात्र त्यांतल्या कोणाच्याच कानावर आलेले नव्हते. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र लिहीत आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक नेटवर्क हा विषय मी अनेक वर्षे शिकवला. पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारत असे, की अमेरिकेतल्या सर्व्हरवरचे पान तुमच्या हातातल्या फोनवर कोणत्या वाटेने येते? बहुतेकांचे उत्तर 'उपग्रहातून' असे असायचे. खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून अधिक माहिती समुद्रतळावरच्या केबलींतून जाते, हे सांगितले की वर्गात कुजबुज सुरू होई. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथवर प्रश्न जाऊन त्याचे उत्तर परत यायला निम्मा सेकंद लागतो आणि एवढ्या विलंबात व्हिडिओवरचे साधे संभाषणही नीट होत नाही. अलीकडचे कमी उंचीवरचे उपग्रह हा विलंब बराच कमी करतात आणि दुर्गम भागासाठी ते खरोखर मोलाचे आहेत. पण त्यांचे संदेशही शेवटी जमिनीवरच्या केंद्रात उतरतात आणि तिथून पुढे केबलीनेच जातात. फोन बिनतारी असतो तो जवळच्या टॉवरपर्यंतच. त्यापुढे बहुतेक ठिकाणी तारेचेच राज्य आहे.

वर्गात दाखवायला माझ्याजवळ अशा केबलीचा वीतभर लांबीचा कापलेला तुकडा होता. खोल समुद्रात टाकतात ती केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते आणि पाहणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही. तुकड्याच्या तोंडाकडे पाहिले, की अगदी मध्ये केसाएवढे काचेचे धागे दिसतात आणि ते चिकट जेलीत बसवलेले असतात. त्यांच्याभोवती पोलादाच्या तारा, त्यावर तांब्याची नळी आणि त्यावर पांढरट पॉलिथिनचा थर असतो. किनाऱ्याजवळच्या केबलीला याशिवाय जाड पोलादी तारांचे एक-दोन वेढे आणि डांबरात भिजवलेल्या दोऱ्यांचे वेष्टन असते, कारण नांगर, जाळी आणि खडक यांचा धोका उथळ पाण्यातच जास्त. तांब्याची नळी कशाला, असे विद्यार्थी हमखास विचारत. काचेतून जाणारा प्रकाश अंतरागणिक मंद होत जातो, म्हणून साधारण दर ६० ते १०० किलोमीटरवर त्याला पुन्हा उजळवणारे एक यंत्र केबलीतच बसवलेले असते. त्या यंत्रांना वीज पोहोचवण्यासाठी किनाऱ्यावरच्या केंद्रातून हजारो व्होल्टचा प्रवाह या तांब्यातून सोडतात. अरबी समुद्राच्या तळाशी, जिथे माणूस कधी जात नाही अशा अंधारात, ही यंत्रे सुमारे २५ वर्षे दुरुस्तीविना चालावीत अशा बेताने घडवलेली असतात. मानवी कारागिरीचा इतका उत्तम नमुना आपण रोज वापरतो आणि आपल्या शालेय पुस्तकांत त्याचे साधे चित्रही सहसा नसते, याची मला मनापासून खंत वाटते.

दुसरी गोष्ट कोणालाही घरच्या संगणकावर पाहता येईल. 'ट्रेसराउट' नावाची एक साधी आज्ञा असते. ती दिली, की आपण मागितलेली माहिती कोणकोणत्या राउटरमधून, म्हणजे तिला पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रांमधून, जाते आणि प्रत्येक टप्प्यापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो, याची यादी पडद्यावर एकेक ओळीने उमटते. युरोपातल्या एखाद्या विद्यापीठाच्या संकेतस्थळासाठी ती ठाण्यातून दिली, तर पहिल्या काही ओळींत दोन, चार, पाच मिलिसेकंद असे आकडे येतात. म्हणजे माहिती अजून मुंबई परिसरातच आहे. मग एका ओळीत आकडा एकदम शंभरच्या आसपास उडी घेतो. त्या दोन ओळींच्या मध्ये अरबी समुद्र, एडनचे आखात, तांबडा समुद्र, इजिप्तची भूमी आणि भूमध्य समुद्र एवढे सगळे पार झालेले असते आणि पुढचा राउटर फ्रान्समधल्या मार्सेलसारख्या बंदरात असतो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणून ही उडी कोणत्याही कंपनीला, कितीही पैसा ओतला तरी, एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाही. तांबड्या समुद्रातली केबल तुटली की हीच माहिती सिंगापूरकडून, प्रशांत महासागर ओलांडून, पृथ्वीला उलटा वळसा घालून युरोपात पोहोचते आणि शंभराचा आकडा अडीचशे-तीनशेच्या पुढे जातो. 'नेट स्लो आहे' या आपल्या तक्रारीचा अर्थ कधी कधी असा हजारो किलोमीटरचा असतो.

ही वाट नवी नाही. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने एडन आणि मुंबई यांच्यामध्ये तारयंत्राची केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालून लंडनशी जोडली गेली. तेव्हापासून आजपर्यंत वाट तीच राहिली, फक्त तांब्याच्या जागी काच आली. भारतातल्या सामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे १९९७ मध्ये फ्लॅग, २००५ मध्ये सी-मी-वी-४ अशा मोठ्या केबली त्याच समुद्रातून मुंबईला आल्या. नव्या केबलीही पश्चिमेकडे जाताना बहुतेक त्याच चिंचोळ्या मार्गाने जातात, कारण युरोपकडे जाणारी सर्वांत जवळची समुद्रवाट तीच आहे आणि इजिप्तमध्ये भूमीवरून पलीकडे उतरण्याची सोय आहे. एका वाटेवर एवढा भार टाकल्याचे परिणाम आपण भोगले आहेत. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन्ही केबली एकाच दिवशी तुटल्या आणि भारताची जवळपास निम्मी परदेशी बँडविड्थ, म्हणजे माहिती वाहून नेण्याची क्षमता, गेल्याचे त्या वेळी सांगितले गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी दुबईजवळ फाल्कन ही तिसरी केबल तुटली. लोक घातपाताची चर्चा करू लागले, पण फाल्कनच्या दुरुस्तीसाठी गेलेल्या जहाजाला तळाशी काही टन वजनाचा, कोणीतरी सोडून दिलेला नांगर सापडला.

घातपाताच्या कथा रंगतदार असतात, म्हणून त्या लवकर पसरतात. जगभरात दरवर्षी साधारण दीडशे ते दोनशे वेळा समुद्राखालच्या केबली बिघडतात आणि त्यातले बहुसंख्य बिघाड मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांमुळे होतात. भूकंपामुळेही होतात, २६ डिसेंबर २००६ रोजी तैवानच्या दक्षिणेला झालेल्या भूकंपात एकाच फटक्यात नऊ केबली तुटल्या होत्या. युद्धाचाही हात असतो, पण तोही बऱ्याचदा आडवळणाने. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने रुबीमार हे मालवाहू जहाज जखमी झाले. खलाशी नांगर टाकून जहाज सोडून गेले. जहाज वाहत राहिले आणि बहुधा त्याच्या ओढत जाणाऱ्या नांगराने तांबड्या समुद्रातल्या तीन केबली तोडल्या. केबलीवर कोणी नेम धरलेला नव्हता, तरी आशिया आणि युरोप यांच्यातल्या वाहतुकीला फटका बसला तो बसलाच.

तुटलेली केबल सांधणे म्हणजे काय, हे वाचकांना कळले तर आपली या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलेल असे मला वाटते. किनाऱ्यावरच्या केंद्रातून केबलीत प्रकाशाचे स्पंद सोडतात, विजेच्या चाचण्या घेतात आणि त्यावरून तुटलेल्या जागेचा अंदाज बांधतात. मग खास बांधणीचे जहाज तिथे जाते. खोल पाण्यात ते आकड्यांची साखळी तळावरून ओढत नेते, जोपर्यंत केबल अडकत नाही तोपर्यंत. केबल तळावर फारशी सैल पडलेली नसते, त्यामुळे ती अखंड वर उचलता येत नाही. गरज पडली तर तळाशीच कापून एक टोक वर घेतात, किनाऱ्यापर्यंतचा भाग ठीक आहे का हे तपासतात, टोक बंद करून तरंगत्या बोयाला बांधून ठेवतात आणि दुसरे टोक शोधायला निघतात. दोन्ही टोके हाती आली, की मध्ये नव्या केबलीचा तुकडा घालतात, आणि तो पाण्याच्या खोलीपेक्षाही लांब लागतो, कारण दोन्ही टोके वरपर्यंत आणलेली असतात. जहाजावरच्या छोट्या खोलीत कारागीर काचेचा एकेक धागा वितळवून जोडतात, वरचे आवरण पुन्हा घडवतात, जोडाची क्ष-किरण तपासणी करतात आणि मग केबल हळूहळू पाण्यात सोडतात. समुद्र शांत असेल तर हे काम काही दिवसांचे असते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असताना त्याला किती वेळ लागेल, हे कोकणातल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

मात्र प्रत्यक्ष सांधण्यापेक्षा जास्त वेळ त्याआधीच जातो. असे काम करणारी जहाजे जगात मोजकीच आहेत आणि ती सिंगापूर, आखात अशा ठिकाणी तळ ठोकून असतात. भारतीय ध्वजाखालचे असे जहाज आपल्याकडे नाही. परदेशी जहाजाला आपल्या समुद्रात काम करायचे तर संरक्षण, गृह, नौवहन, सीमाशुल्क अशा अनेक खात्यांचे परवाने लागतात. सुरक्षेसाठी तपासणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण दर वेळी केबल तुटल्यानंतर कागद नव्याने फिरू लागावेत, याचे समर्थन करता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगा या बेटराष्ट्राला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकमेव केबल तुटली आणि ती सांधायला सुमारे पाच आठवडे लागले. आपल्याकडे अनेक केबली आहेत म्हणून आपण एवढे एकाकी पडणार नाही. पण त्यातल्या किती एकाच ठिकाणी येतात, याकडे मी पुढे येतो.

त्याआधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण सप्टेंबरमध्ये 'आता यूपीआय बंद पडणार' असे संदेश माझ्याही फोनवर आले होते. परदेशी केबल तुटल्याने भाजीवाल्याला केलेले पैसे अडकत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवणे बंधनकारक केले आणि यूपीआयचा व्यवहार आपल्या बँका आणि राष्ट्रीय देयक महामंडळ यांच्यामध्ये देशातल्या देशात पूर्ण होतो. तसेच, यूट्यूब किंवा नेटफ्लिक्सवर लोकप्रिय असलेले व्हिडिओ दर वेळी अमेरिकेतून येत नाहीत. त्यांच्या प्रती या कंपन्यांनी भारतातल्या इंटरनेट पुरवठादारांच्या केंद्रांत ठेवलेल्या सर्व्हरवर आधीच आणून ठेवलेल्या असतात. म्हणून केबल तुटलेल्या दिवशी घरात मालिका सुरळीत चालते आणि त्याच घरात जर्मन कंपनीसाठी काम करणारी मुलगी डोके धरून बसते. दोघांचेही म्हणणे खरे असते.

देशातली वाहतूक देशातच राहावी यासाठीही कोणाला तरी मुद्दाम व्यवस्था उभी करावी लागली आहे. पूर्वी दोन वेगळ्या भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधला ईमेल दादरहून ठाण्याला जाताना परदेशात जाऊन परत यायचा, कारण त्या कंपन्या एकमेकींना भेटत त्या तिकडच्या केंद्रांत. २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेने मुंबईसह देशातल्या शहरांत अशी भेटीची ठिकाणे निर्माण केली. एखाद्या खोलीत ठेवलेल्या काही स्विचच्या कपाटांमुळे देशाचे परकीय चलन, वेळ आणि गोपनीयता अशा तिन्हींची बचत होते, पण या कामाचे कौतुक मी कधी कुठे वाचलेले नाही.

केबल शाबूत असूनही इंटरनेट कोसळू शकते, हेही सांगायला हवे. जगात सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र नेटवर्क आहेत आणि 'अमुक पत्ते माझ्याकडे आहेत' अशी घोषणा ती एकमेकांकडे बीजीपी नावाच्या पद्धतीने करत असतात. ही पद्धत मुळात परस्परविश्वासावर उभी राहिली. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉम या तिथल्या दूरसंचार कंपनीने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबचे पत्ते आपल्याकडेच असल्याची घोषणा आतल्या आत केली. ती चुकून हाँगकाँगमधल्या कंपनीकडे गेली, तिने खातरजमा न करता ती पुढे पाठवली आणि जवळपास दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास, फेसबुकच्या देखभालीतल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली. त्यामुळे नावावरून पत्ता सांगणारे त्यांचे डीएनएस सर्व्हर जगाच्या नकाशावरूनच नाहीसे झाले आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद राहिले. घोषणांवर अंकीय सही करून त्या पडताळण्याची पद्धत आता आली आहे आणि हळूहळू रुळते आहे. आपल्या इंटरनेट पुरवठादारांपैकी कोण ती पाळते आणि कोण पाळत नाही, याची माहिती ग्राहकांना खुलेपणाने मिळाली पाहिजे.

आता आपल्या किनाऱ्याविषयी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जून २०२३ मध्ये समुद्राखालच्या केबलींबाबत सविस्तर शिफारशी सरकारला दिल्या. त्यात तेव्हाची नोंद आहे, की भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबली १४ केंद्रांवर येत होत्या आणि ही केंद्रे मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाच शहरांतच होती. त्यातही मुंबई आणि चेन्नई यांच्यावरच मुख्य भार आहे आणि मुंबईतल्या बहुतेक केबली वर्सोव्याच्या किनारपट्टीच्या छोट्या भागात जमिनीवर येतात. संध्याकाळी त्या चौपाटीवर फिरायला येणाऱ्या माणसांच्या पायाखाली, वाळूत पुरलेल्या नळ्यांतून, देशाच्या सॉफ्टवेअर निर्यातीपासून परदेशातल्या मुलांच्या व्हिडिओ कॉलपर्यंत सगळे वाहत असते. मुंबई बुडवणारी एखादी अतिवृष्टी, किनाऱ्याजवळ भरकटलेले एखादे जहाज किंवा एखादे बेफिकीर खोदकाम एवढ्याशा टापूत झाले, तर नुकसान एका केबलीपुरते राहणार नाही.

याच परिसरात वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचे काम चालू आहे आणि किनाऱ्यालगतचे आणखी रस्ते आखले जात आहेत. त्यांना माझा विरोध नाही. पण समुद्रात खांब रोवणाऱ्या यंत्रणेला केबलींचे नेमके मार्ग कोणी कळवले, त्यांपासून किती अंतर राखायचे हे कोणत्या नियमाने ठरले आणि काही घडले तर जबाबदारी कोणाची, याबाबत राज्य शासनाने स्पष्ट निवेदन करावे. ऑस्ट्रेलियाने २००५ मध्ये कायदा करून सिडनी आणि पर्थच्या किनाऱ्यांजवळ केबलींसाठी संरक्षित पट्टे आखले. तिथे नांगर टाकणे आणि तळ खरवडणारी मासेमारी करणे हा गुन्हा आहे. आपल्याकडेही कायद्याचे असे संरक्षण हवे, हे ट्रायनेच सांगितले आहे. त्याच्याबरोबरच भारतीय ध्वजाखालच्या दुरुस्ती जहाजांचा आणि परवाने सुटसुटीत करण्याचा मुद्दाही त्या शिफारशींत आहे.

इथे मला वर्सोव्याच्या कोळी बांधवांची बाजू आग्रहाने मांडायची आहे. संरक्षित पट्टा हा शब्द उच्चारला, की पहिली कुऱ्हाड मासेमारीवर पडते. सर्वेक्षणाची आणि केबल टाकणारी जहाजे येतात तेव्हा जाळी काढून घ्यायला सांगितले जाते आणि ऐन हंगामात बुडालेले दिवस कोणाच्या हिशेबात धरायचे हा वाद होतो. एका जागी बांधून ठेवलेली डोल जाळी लावणारा लहान मच्छीमार आणि तळ खरवडत जाणारा मोठा ट्रॉलर यांच्यामुळे केबलीला असणारा धोका सारखा नाही. नियम करताना हा फरक केला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या तिथला तळ ओळखणारी ही माणसे केबलींची सर्वांत चांगली राखणदार होऊ शकतात, पण त्यासाठी मार्गांची माहिती त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे, भरपाईचे लेखी सूत्र ठरले पाहिजे आणि मच्छीमार सहकारी संस्थांना निर्णयाच्या बैठकीत खुर्ची मिळाली पाहिजे. कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी दर वेळी वेगळा सौदा करायचा, ही आजची रीत दोघांच्याही हिताची नाही.

शिवाय सगळ्या केबली मुंबईतच का उतराव्यात, हा प्रश्न महाराष्ट्राने स्वतःला विचारायला हवा. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यात एवढा मोठा किनारा आहे. डेटा सेंटर मुंबईत आणि नवी मुंबईत आहेत म्हणून कंपन्यांना तिथे येणे सोयीचे पडते, हे मी समजू शकतो. तरीही रत्नागिरीसारख्या एखाद्या ठिकाणी दुसरे केंद्र झाले आणि तिथून पुणे आणि कोल्हापूरकडे सह्याद्री ओलांडणारे फायबर मजबूत झाले, तर वर्सोव्यावर संकट आले तरी पर्याय उरेल. किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंत केबलीचे तुकडे आधीच टाकून ठेवण्याची कल्पना ट्रायने मांडली आहे. नव्या केबली आणणाऱ्यांचा परवान्यांत जाणारा वेळ त्याने वाचेल. कोकणात त्याचा पहिला प्रयोग व्हायला हरकत नाही.

जमिनीवरची अवस्था तर आपण सगळे रोज पाहतो. समुद्रातून हजारो किलोमीटर सुखरूप आलेला प्रकाश शेवटी गटाराच्या कामासाठी आलेल्या जेसीबीच्या दातात सापडतो. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या रस्त्यावर असेच झाले: तीन वेगवेगळ्या रंगांच्या नळ्या मातीतून वर आल्या होत्या, ठेकेदाराच्या मुकादमाला त्या कोणाच्या आहेत हे ठाऊक नव्हते आणि जवळच्या एका दवाखान्याचे, बँकेच्या शाखेचे आणि आमच्या वसाहतीचे इंटरनेट दोन दिवस बंद राहिले. खोदण्यापूर्वी जमिनीखालच्या तारा आणि नळ्यांच्या मालकांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले आहे. महापालिकेने रस्ता खोदाईचा परवाना देतानाच त्या नोंदीचा क्रमांक मागितला आणि तो कामाच्या फलकावर लिहिणे सक्तीचे केले, तर कोणत्याही नागरिकाला तो पाहता येईल. याला नवा कायदा लागत नाही, आयुक्तांचे एक परिपत्रक पुरे आहे.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे, की ट्रायच्या जून २०२३ च्या शिफारशींपैकी कोणत्या स्वीकारल्या गेल्या आणि उरलेल्या कोणकोणत्या खात्यांत थांबल्या आहेत, याचा आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधींनी पाठपुरावा करावा. आणि मुंबईच्या प्रतिनिधींनी वर्सोवा कोळीवाडा, सागरी सेतूचे अभियंते आणि केबल केंद्र चालवणाऱ्या कंपन्या या तिघांचेही म्हणणे एकाच पानावर छापावे. कोकणातून आणि मुंबईतून निवडून गेलेल्या खासदारांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात दुरुस्ती जहाजाविषयी तारांकित प्रश्न विचारावा, अशी मी त्यांना याच पत्रातून विनंती करतो. त्यांच्यापैकी कोणाला प्रश्नाचा मसुदा करण्यासाठी तांत्रिक माहिती हवी असेल, तर ती मी आणि माझे निवृत्त सहकारी आनंदाने आणि विनामूल्य देऊ. त्यासाठी माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपला नम्र,
संगणक नेटवर्क विषयाचा एक निवृत्त अध्यापक, ठाणे